रकाना

माझ्या वाट्याला एकशे बेचाळीस घरं,
दोन चर्च, बर्फाचा एक बंद पडलेला कारखाना
आणि एक कुत्रा, जो फक्त माझ्या निळ्या जाकिटावर भुंकतो.
सिआराच्या किनाऱ्यावर, बार्रा दो सिरीत,
दर महिन्याला उंबरा न उंबरा झिजवायचा.
पाण्याच्या टाकीत डोकावायचं, डासांची अळी शोधायची,
बाळ वजनकाट्यात, म्हातारीचा दंड पट्ट्यात,
कुणाच्या गोळ्या संपल्या, कुणी सुरूच केल्या नाहीत.
सगळ्याला रकाना आहे.

सत्त्याण्णव नंबरला एरिवाल्दो.
शेवंड धरायच्या होडीवर पंपाशी बसायचा.
खाली भाऊ, दातांत नळी,
वर हा, यंत्राच्या आवाजाला कान लावून.
मार्चमध्ये यंत्र एकदा खोकलं. एवढंच सांगतात लोक.

झोप?
लागते.
जेवण?
होतं.
रक्तदाब मी स्वतः मोजला,
तो मात्र खरं बोलला.

इथे खाट नसते, माणसं झोळीत निजतात.
सकाळी गुंडाळून कडीला टांगली
की दिवस सुरू.
त्याच्या घरात दुपारी तीनला दोन झोळ्या आडव्या होत्या.
दुसरीत पाणबुड्याचा चष्मा
आणि इस्त्री केलेला शर्ट.
मी टॅबवर शोधलं: डेंग्यू, मधुमेह, गरोदर, इतर.
'इतर'वर बोट ठेवलं आणि चार्जिंग गेलं.

डॉक्टर मंगळवारी येते.
मनाची डॉक्टर शहरातून, महिन्याला एकदा,
रस्ता वाळूने बुजला नसेल तर.
मधले दिवस आमचे.
गुरुवारी चारला केंद्राच्या मागे
काजूच्या झाडाखाली आम्ही खुर्च्या मांडतो,
लसीकरणाच्याच त्या, एकीचा पाय वाकडा.
उपदेश करायचा नाही. स्वतःपुरतं बोलायचं.
ऐकलेलं कुंपणाबाहेर न्यायचं नाही.
झुलेइदेबाई मुलाखेरीज दुसरं बोलत नाही.
तान्क्रेदो दारू सोडण्यावर फार सुंदर बोलतो,
आणि सोमवारी पितो.
इथे सगळे बरे होतात असं मी म्हणणार नाही.
येतात, हे खरं.

एरिवाल्दोला मी बोलावलं नाही. म्हटलं,
दाबाच्या गोळ्या गुरुवारीच मिळतात, चारला.
(थाप होती. खिडकी दिवसभर उघडी असते.)
आला. कडेला उभा राहिला.
खुर्च्या कमी पडल्या तेव्हा आतून तीन काढून आणल्या,
एकीवरही टेकला नाही.
पुढच्या गुरुवारी मी पोचले तर
खुर्च्या आधीच मांडलेल्या. एकवीस.
वाकड्या पायाखाली चपटा दगड.
त्याच्या पुढच्या गुरुवारी बसला.
आणि मग एकदा, विषय भलताच चालला होता,
कुणाच्या तरी कोंबड्या कुणाच्या तरी अंगणात,
तेव्हा मधेच म्हणाला,
"यंत्र सतरा सेकंद बंद होतं. मी मोजले."

एक बोंड पत्र्यावर पडलं.
'देवाची इच्छा' असं कुणी म्हणालं नाही.
झुलेइदेबाईसुद्धा नाही,
आणि ती तर कप फुटला तरी म्हणते.
तिने विचारलं, "मग तू काय केलंस?"
"दोर ओढला."
"हातांनी?"
त्याने तळवे उघडले. तिरका वळ, अजून गुलाबी.
ती वाकून बराच वेळ बघत राहिली,
चष्मा घरी विसरलेल्या बाईसारखी.

या महिन्यात पुन्हा सत्त्याण्णव. कुत्रा भुंकला.
दाब थोडा उतरलाय.
झोळ्या दोन्ही तशाच, आडव्या.
टाकीत अळी नाही.
निघाले तर म्हणाला, पाणी पिऊन जा,
आणि मातीच्या फिल्टरमधून दोन पेले भरले.
एक मला दिला,
दुसरा घेऊन दारातल्या सावलीत उभा राहिला.

'इतर'च्या खाली मी लिहिलं: पाणी प्यायलो.
वर बसलेल्यांना काय कळायचं ते कळो.
अजून पंचेचाळीस घरं आहेत, आणि ऊन हे असं.